अ.पा.क. कंपनी सरकार : लोकशाही, साम्राज्य आणि आपला ऊस

कृष्णाकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री १०:४०

गेल्या आठवड्यात आमच्या कारखान्याची वार्षिक सभा झाली. (कुठला कारखाना ते विचारू नका, गाव लहान आहे.) मंडपात निम्मे सभासद अहवालाच्या पुस्तकाने वारा घेत होते. व्यासपीठावरून विषय वाचला जायचा आणि पुढच्या चार रांगा 'मंजूर, मंजूर' म्हणून गलका करायच्या. सातव्या विषयाला मागून एक म्हातारे सभासद उठले, माइक मागितला. माइक काही आला नाही. मग ते आहे त्या आवाजात ओरडले, "तुझा ऊस दोन हजार टन असंल न्हाय तर माझा वीस, मत दोघांचं येकच हाय!" सभा हसली, विषय मंजूर झाला, आणि आम्ही सगळे जेवणाच्या रांगेला लागलो.

मला मात्र घरी येईपर्यंत दुसरीच एक सभा आठवत होती. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या इंडिया हाउसमधली, ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांची. म्हाताऱ्यांचं वाक्य तिथे खपलं नसतं. १७७३ च्या कायद्यापासून तिथला हिशेब ठरलेला: हजार पौंडांचे शेअर असले तर एक मत, तीन हजारांना दोन, सहा हजारांना तीन, दहा हजारांना चार. हजाराच्या खाली मतच नाही. आणि या सभेपुढे १८४० नंतर वर्षानुवर्षं एक विषय येत राहिला, तो म्हणजे साताऱ्याच्या महाराजांचा. १८३९ मध्ये कंपनीने छत्रपती प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला धाडलं होतं. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे अर्ज, छापील पत्रकं, गाठीभेटी करत राहिले. आपल्या गादीचा निवाडा कोण करणार, तर ज्यांचे शेअर जास्त ते. ठराव अर्थातच पडत गेले. १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीतच वारले, १८४८ मध्ये गादीवरचे त्यांचे भाऊ शहाजी (आप्पासाहेब) गेले, आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं.

आता गंमत बघा. त्या सभेत प्रतापसिंहांच्या बाजूने कंठशोष करणाऱ्यांत जॉर्ज थॉम्पसन होता. हा मूळचा गुलामगिरीविरोधी चळवळीतला वक्ता. १८३४-३५ ला अमेरिकेत भाषणं देत फिरला तेव्हा तिथले जमाव त्याच्या जिवावर उठले होते. कॅरिबियनमधला गुलाम आणि साताऱ्याचा राजा ही त्याला एकाच दाव्याची दोन कागदपत्रं वाटत होती. आपल्याला शाळेत ती दोन वेगळ्या वह्यांत शिकवली.

वह्या एकत्र करायच्या तर एक तारीख पुरते: २८ ऑगस्ट १८३३. ब्रिटिश राजाने त्या दिवशी दोन कायद्यांवर मोहोर उठवली. पहिला गुलामगिरी बंद करण्याचा. त्यात मालकांना दोन कोटी पौंड भरपाई ठरली, म्हणजे सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या जवळजवळ चाळीस टक्के. गुलामांना छदाम नाही; उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे राबायचं. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये फेडला. दुसरा कायदा कंपनीच्या सनदेचा. कंपनीचा व्यापार बंद, पण भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश चालू, तोही हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे इथल्या शेतसाऱ्यातून. आणि पहिल्या कायद्याच्या पोटात एक कलम होतं की, हा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातल्या मुलखाला लागू नाही.

या सगळ्याला हल्ली राज्यशास्त्रात 'वांशिक भांडवलशाही' म्हणतात. शब्द १९७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदविरोधी मंडळींनी चालवला, १९८३ मध्ये सेड्रिक रॉबिन्सन या अमेरिकन विचारवंताने तो मोठ्या अर्थाने मांडला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भांडवलशाही सगळ्या कामगारांना एका मापाने मोजत आली हे खरं नाही. ती माणसांची प्रतवारी करते आणि त्या प्रतवारीवरच कमावते. जसं आपल्या सांगलीच्या पेठेत हळदीची करतात, फक्त इथे कातडीचा रंग पाहून.

आणि लोकशाहीचं काय? तिचा सगळ्यात मोठा वकील जॉन स्टुअर्ट मिल. हा १८२३ ते १८५८, पस्तीस वर्षं, त्याच इंडिया हाउसमध्ये नोकरीला होता. संस्थानांशी होणारा पत्रव्यवहार हेच त्याचं टेबल. म्हणजे रंगो बापूजी ज्या इमारतीचे जिने झिजवत होते, तिथेच वर बसून हा मसुदे लिहीत होता. आणि १८५९ ला त्याने स्वातंत्र्यावर जो जगप्रसिद्ध निबंध छापला त्यात सुरुवातीलाच सांगून टाकलं की हे तत्त्व सज्ञान माणसांसाठी. जे समाज अजून अज्ञान आहेत त्यांना लागू नाही, त्यांच्यासाठी हुकूमशाहीच योग्य, फक्त त्यांची सुधारणा हा हेतू हवा.

'अज्ञान' हा शब्द वाचला आणि मला आमचा सातबारा आठवला. आजोबा गेले तेव्हा धाकटा काका नऊ वर्षांचा. उताऱ्यावर त्याचं नाव, पुढे 'अ.पा.क.', आणि मग आजीचं नाव. अज्ञान, पालनकर्ता अमुक. काका अठराचा झाल्यावर तलाठ्याकडे अर्ज देऊन तो शेरा काढून घेतला. मिलने अख्ख्या हिंदुस्थानच्या उताऱ्यावर तोच शेरा मारला, पालनकर्ता कंपनी सरकार, आणि अठरा वर्षं कधी पुरी होणार ते पालनकर्त्यानेच ठरवायचं.

माझा प्रश्न असा. इंग्लंडात मतदानाचा हक्क १८३२, १८६७, १८८४ असा पायरीपायरीने वाढत गेला, आणि त्याच काळात साम्राज्यही वाढत गेलं. हा योगायोग, की एकाच चुलीवरची दोन भांडी? अमेरिकन काळे विचारवंत ड्यू बॉइस यांनी १९१५ मध्येच लिहून ठेवलंय की गोऱ्या देशांत कामगाराला मत मिळालं, पगारात थोडी वाढ मिळाली, कारण बाहेरच्या लुटीत त्याला वाटेकरी करून घेतलं गेलं. घरात लोकशाही, दारात जुलूम. तुम्हाला काय वाटतं?

---

हळद_पेठ | ५ ऑक्टोबर, रात्री ११:१५

वाचतोय. अ.पा.क. वर दंडवत घ्या. बाकी हळदीची प्रतवारी आम्ही निदान सौद्यात सगळ्यांसमोर करतो हो.

---

प्रश्नचिन्ह | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

लेख छान वळणं घेतो, पण खापर फोडायला भांडवलशाहीच का सापडते दरवेळी? गुलामगिरी रोममध्ये होती, अरबांत होती, आफ्रिकन राजे स्वतः माणसं विकत होते. आपल्याकडेही होतीच. जगात ती मोडून काढण्यात मोठा वाटा होता तो त्याच भांडवलशाही इंग्लंडचा. १८०७ ला गुलामांचा व्यापार बंद केला आणि पुढे कित्येक दशकं आरमार पाठवून दुसऱ्यांची जहाजं अडवली. अॅडम स्मिथने तर १७७६ लाच सांगितलं होतं की गुलामाचं काम शेवटी महागच पडतं.

दुसरं, सातारा खालसा झालं त्यात वंश कुठून आला? महसूल हवा होता. प्रतापसिंहांवर आरोप गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा होता, काळे असल्याचा नव्हता.

---

कृष्णाकाठ | ६ ऑक्टोबर, दुपारी १:२०

@प्रश्नचिन्ह, गुलामगिरी जुनीच. पण रोममधल्या गुलामाचा मुलगा पुढे नागरिक होऊ शकत होता. बार्बाडोस-जमैकातली नवी गोष्ट ही की गुलामी कातडीला चिकटवली, आईकडून लेकराला वारसाहक्काने दिली, आणि तिच्यावर विमा, कर्ज, गहाणखत असा सगळा आधुनिक कारभार उभा केला. आपणही त्यात नव्हतो असं नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम खरेदीला जो माल जायचा त्यात हिंदुस्थानी कापडाचे तागे असायचे.

इंग्लंडने गुलामगिरी का मोडली यावर त्रिनिदादचे एरिक विल्यम्स (पुढे तिथले पंतप्रधान) यांनी १९४४ मध्ये मांडलं की गुलामांच्या साखरेचा फायदा तोवर आटत चालला होता. त्यावर इतिहासकार आजही भांडतायत. चळवळीतल्या माणसांची तळमळ खरी होती हे मीही मानतो, थॉम्पसनच बघा. पण मोडल्यावर काय झालं ते बघू. जॉन ग्लॅडस्टन, म्हणजे पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचे वडील. अडीच हजारांवर गुलाम होते, भरपाई लाखभर पौंडांच्या वर. मग मळ्यात राबणार कोण? कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र गेलं, आणि १८३८ मध्ये व्हिटबी आणि हेस्परस ही दोन जहाजं हिंदुस्थानी मजूर घेऊन ब्रिटिश गयानाला लागली. मॉरिशसला तर १८३४ पासूनच सुरू होतं. पाच वर्षांचा करार, 'अ‍ॅग्रीमेंट'चं गिरमिट. गेलेल्यांत कोकणातले, देशावरचे मराठी लोकही होते. गोखल्यांनी १९१२ मध्ये कायदेमंडळात ही पद्धत बंद करा म्हणून ठराव मांडला, तो पडला. भरती थांबली १९१७ ला.

म्हणजे गुलाम गेला, मळा तोच, मालक तोच, साखर तीच. रंग तेवढा बदलला.

महसुलाचं म्हणाल तर हो, हेतू महसुलाचाच. पण त्याच कंपनीने एखाद्या इंग्लिश सरदाराला 'तू दत्तक घेतलेला वारस आम्हाला पटत नाही' म्हणून जमीन काढून घेतली असती का? वंश तिथे कामाला येतो.

---

दोन_नंबरचा_चहा | ६ ऑक्टोबर, दुपारी १:४५

धागा शंभरी गाठणार. जागा धरून बसलोय, भडंग आणलंय.

---

कंदी_पेढा | ६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

आमच्या साताऱ्याचा विषय निघालाय म्हणून लिहितो. धागाकर्त्यांनी प्रतापसिंह सोडून दिले काशीला, मी त्यांना परत आणतो. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत पहिलीच्या वर्गात एक नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल. शाळेत जाताना रोज त्या पाटीखालून गेलो, पण राज्य गमावलेला राजा आणि वर्गात वेगळा बसवलेला मुलगा एकाच पाटीत आहेत हे मला चाळिशीत सुचलं. शेरा दोघांच्या उताऱ्यावर होता. फक्त राजाच्या उताऱ्यावर गोऱ्याने मारला होता, मुलाच्या उताऱ्यावर आपण.

बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेली मसूर स्टेशनची हकीकत माहीत असेल. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला होते. दुष्काळी कामावर तलाव खोदत होते, तिथे रोखपाल म्हणून. मुलं सुट्टीत भेटायला निघाली, मसूरला उतरली, चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी गोड बोलले. जात कळली आणि पाच पावलं मागे सरकले. गाडीवाला दुप्पट भाड्याला तयार झाला, पण गाडी हाकायला नाही. गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूने चालणार.

मला त्या दुप्पट भाड्यात रस आहे. गाडीवान गरीब, मुलांच्या खिशात पैसे. बाजाराच्या नियमाने त्याने गपचूप गाडी हाकायला हवी होती. पण त्याने पैसेही घेतले आणि पायरीही राखली. बाजार आला की जात जाईल म्हणणाऱ्यांनी मसूरचं तिकीट काढावं. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी याचं सूत्र दिलं: जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. रॉबिन्सन ४७ वर्षांनी जे म्हणतो ते याहून फार लांब आहे का?

आणि फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तेही खटाव तालुक्यातच. १८७३ ला 'गुलामगिरी' छापली ती अर्पण केली कोणाला, तर अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी नीग्रो लोकांना दास्यातून सोडवलं त्यांना. वह्या एकत्र करायचं काम आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी झालेलं आहे.

---

प्रश्नचिन्ह | ६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

जात म्हणजे वंश नव्हे, हे खुद्द आंबेडकरांनीच ठामपणे लिहिलंय. मग ही तुलना कशाला?

---

कंदी_पेढा | ६ ऑक्टोबर, रात्री १०:२२

बरोबर. वंश नव्हेच. पण १९४६ मध्ये त्यांनीच ड्यू बॉइसना पत्र लिहिलं, की तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केलाय त्याची प्रत पाठवा, अस्पृश्यांची आणि नीग्रोंची अवस्था इतकी सारखी आहे की अभ्यास करणं भागच आहे. ड्यू बॉइसांचं उत्तरही आलं. मूळ वेगळं आणि काम सारखं, असं असू शकतं की. खुरपं आणि विळा एक नव्हेत, गवत दोन्हीने निघतं.

---

अटलांटाहून_परत | ७ ऑक्टोबर, पहाटे ५:४०

झोप येईना म्हणून. अकरा वर्षं जॉर्जियात काढली, आता मिरजेत आहे. तिथे शाळेत मुलीला 'रिकन्स्ट्रक्शन' शिकवायला लागलो तेव्हा मला स्वतःला कळलं.

यादवी युद्ध १८६५ ला संपलं, १८७० च्या दुरुस्तीने काळ्या पुरुषांना मत मिळालं. पुढची सातेक वर्षं दक्षिणेत काळे लोक आमदार, खासदार झाले, सरकारी शाळा निघाल्या. १८७७ ला केंद्राने फौज काढून घेतली आणि सगळं उलटं फिरलं. मतदानाला पट्टी भरा, वाचनाची परीक्षा द्या. कापूस कोण पिकवणार? तोच काळा माणूस, आता वाटेकरी म्हणून. बियाणं, खत, पीठ-मीठ दुकानदाराकडून उधार, पीक आधीच त्याच्या नावे लिहून दिलेलं. हे वाचून मी बायकोला म्हटलं, अगं हे तर आपलं खावटी आणि सावकार! आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात १८७५ ला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली तो काळही तोच, आणि धागाही तोच: तिकडे युद्ध पेटलं म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव, १८६५ ला ते संपलं आणि भाव कोसळला, तरी सारा आणि कर्ज तसंच.

ड्यू बॉइसनी १९३५ च्या ग्रंथात विचारलंय की गरीब गोरा गरीब काळ्याबरोबर का उभा राहिला नाही. उत्तर: पगार कमी मिळाला तरी त्याला वरचा एक पगार मिळत होता, मानाचा. पोलीस त्याचे, शाळा बरी, रस्त्याने जाताना काळ्याने बाजूला व्हायचं. या वरच्या पगारावर गाव कसं चालतं ते इथे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला आमचा एक भाऊबंद पारावर बसला की अजून...

असो. सकाळ झाली.

---

खोडवा | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

शेवटची ओळ पुरी करायला हवी होती. असो म्हणून उठून गेलात.

---

आष्टी_ते_आष्टा | ९ ऑक्टोबर, रात्री ११:५५

चार दिवस वाचतोय, लिहू की नको करत. आयडीवरून कळेल, आमची आष्टी बीडकडची, तुमचं आष्टा वाळव्याचं. मधलं अंतर आई-बापांनी कोयत्याने कापलंय.

धाग्याची सुरुवात वार्षिक सभेने झाली. एक माणूस एक मत, म्हाताऱ्याने ठणकावलं, छान वाटलं. त्या मंडपात ऊस तोडणारा एक तरी होता का? नसणार. सभासद व्हायला त्या भागात शेती लागते. कारखान्याच्या लोकशाहीत ऊस लावणाऱ्याला मत आहे, ऊस तोडणाऱ्याला नाही. इंग्लंडातल्या कामगाराला मत आणि बाहेरच्याला जुलूम असं वर लिहिलंय. मला तर बाहेर जायला लागलं नाही.

कसं चालतं ते सांगतो, कारण इथल्या बऱ्याच जणांनी फड फक्त रस्त्यावरून पाहिला असेल. दसऱ्याच्या आधी मुकादम गावात येतो. उचल देतो. आमच्या वेळी चाळीस हजार होती जोडीला, आता लाखाच्या पुढे. जोडी म्हणजे नवरा-बायको, त्याला म्हणायचं एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल फिटेपर्यंत तोडायचं. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, तो अंगावर. हंगाम संपताना हिशेब होतो आणि काहीतरी बाकी निघतंच, ती पुढच्या सालाला. धागाकर्त्यांचं गिरमिट पाच वर्षांचं होतं म्हणे. त्याला निदान पाच हा आकडा होता.

मी सातवीपर्यंत निम्मी शाळा कोपीत काढली. कोपी म्हणजे बांबू वाकवून वर पाचट नाहीतर ताडपत्री, आत शिरताना मोठ्या माणसाने गुडघे टेकायचे. पहाटे तीनला गाडी भरायला उठायचे. आई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायची, बाप वरून घ्यायचा. थंडीत पाचटाच्या कडा ओल्या असतात, त्याने हातावर बारीक रेघा उठतात, दिसत नाहीत पण मीठ लागलं की समजतं. धाकटी बहीण मी सांभाळायची. संध्याकाळी आई वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकायला गावात जायची, त्याचे पैसे तिचे. तेवढेच तिचे.

करार कारखान्याचा आमच्याशी नसतो. वाहतूकदाराशी, मुकादमाशी असतो. आम्ही मुकादमाची माणसं. परवा अ.पा.क. वाचलं आणि हसू आलं. बाप पंचेचाळिसाव्या वर्षी पण अज्ञानच होता, पालनकर्ता मुकादम.

बीडमधल्या बायकांची गर्भाशयं काढून टाकल्याची बातमी २०१९ ला गाजली, सरकारने समिती नेमली. तेव्हा ऑफिसमध्ये (बँकेत आहे मी) एकाने विचारलं, अहो बायका कशाला तयार होतात? मी म्हटलं, खाडा पडतो साहेब.

वंश नाही, मान्य. आमच्या फडात वंजारी, दलित, बंजारा, मराठा सगळे होते. पण गावात पाण्याच्या टाकीवर गेलो की 'बीडचं आलं' एवढंच आमचं नाव होतं. जात विचारायच्या आधीच ठरलेलं.

---

दोन_नंबरचा_चहा | १० ऑक्टोबर, सकाळी ६:३०

भडंग ठेवून दिलं. लिहिलंत ते बरं केलंत.

---

खोडवा | १० ऑक्टोबर, सकाळी ९:००

आष्टीकरांचं सगळं खरं. पण शेतकऱ्याची बाजू कोणीच लिहीना म्हणून लिहितो. माझा अडीच एकर ऊस. तोड मिळावी म्हणून स्लिपबॉयच्या (तोडीची पाळी लावणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) मागे महिनाभर फिरायचं, टोळी आली की 'खुशाली' वेगळी, ड्रायव्हरची 'एन्ट्री' वेगळी, कोंबडं वेगळं. नाही दिलं तर बुडखे वर ठेवून तोडतात. माझ्या मेव्हण्याने ट्रॅक्टर घेतला, मुकादमाला नऊ लाख दिले, मुकादम टोळी घेऊन आलाच नाही, फोन बंद. ट्रॅक्टर बँकेने ओढून नेला. एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) तीन तुकड्यांत. आम्ही काय लेडनहॉल स्ट्रीटवरचे भागधारक आहोत का? गाडीवान म्हणा हवं तर.

---

आष्टी_ते_आष्टा | १० ऑक्टोबर, दुपारी २:१५

दादा, तुमच्यावर रोख नव्हता. मुकादमाने तुमचे मेव्हणे बुडवले आणि माझा बाप पण. पण खुशालीचं एक सांगतो. तुम्ही ती आम्हाला दिलीत, तुम्हाला वाटलं आम्ही लुटलं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती कितीतरी वर्षं भांडून. दर नीट असता तर कोंबडं मागायची वेळ आली नसती. आपण दोघं कोंबड्यावरून भांडतो आणि साखरेचं पोतं गोदामात शांत पडलेलं असतं.

---

खोडवा | १० ऑक्टोबर, दुपारी २:४०

हे पटलं. कोंबड्याचं मनावर घेऊ नका. :)

---

प्रश्नचिन्ह | १० ऑक्टोबर, रात्री ८:५०

आष्टीकरांचा प्रतिसाद वाचून मी दोनदा उत्तर लिहून खोडलं. माझा आक्षेप अजूनही तोच की 'वांशिक' हा शब्द इथे ताणला जातोय. फडातली प्रतवारी मान्य. पण मग तिला तिच्या नावाने हाक मारा. अमेरिकेचं लेबल कशाला? फुल्यांनी तुलना केली, पण शब्द आपले वापरले.

बाकी मिलबद्दल एक भर. १८६१ मध्ये त्याने इंग्लंडसाठीही सुचवलं होतं की मजुराला मत द्या, पण शिकलेल्याला एकाहून जास्त द्या. म्हणजे इंडिया हाउसमधली सवय घरीही गेली होती. हा मुद्दा माझ्या विरोधात जातो हे कळतंय.

---

देवराष्ट्रे_फाटा | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

@प्रश्नचिन्ह, शब्दाबद्दल सहमत. मला उलट वाटतं की आपल्याकडे शेरा झुगारून देण्याचाही इतिहास आहे आणि तोच धाग्यात आला नाही. औंध संस्थान. लंडनवाले 'अजून वेळ आहे' म्हणत होते तेव्हा १९३९ च्या जानेवारीत भवानराव पंतप्रतिनिधींनी स्वतःची सत्ता प्रजेच्या हाती दिली. गावाची पंचायत, तिच्यावर तालुक्याची, तिच्यावर विधिमंडळ. गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या इंजिनिअरची मदत. ब्रिटिश मुलखात तेव्हा मत पाहिजे तर मालमत्ता, करभरणा, शिक्षण दाखवायला लागायचं.

आणि कुंडल त्याच औंधात. तिथून १९४३ मध्ये नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम पळवली ती त्याच प्रतिसरकारच्या तुफान सेनेने. आमची आजी सांगायची, न्यायदान मंडळ रानात बसायचं, बांधाची भांडणं, सावकाराची खतं, बायकोला टाकलेला नवरा, सगळे दावे तिथे. निवाडा ऐकायला बायकाही यायच्या, लांब करंजाच्या झाडाखाली बसून. सज्ञान झाल्याचा दाखला त्यांनी कोणाकडे मागितला नाही.

(पत्री सरकारच्या पत्रीबद्दल, म्हणजे तळपायावर काठी, वाद घालायचा तर वेगळा धागा काढा. मी तिथे येईन.)

---

कंदी_पेढा | ११ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

औंधाला +१. रंगो बापूजींचंही पुरं करतो. लंडनहून रिकाम्या हाताने परतले, १८५७ च्या कटात गेले. ८ सप्टेंबरला साताऱ्यात गेंडामाळावर १७ जणांना मारलं, कोणाला फाशी, कोणाला गोळ्या, कोणाला तोफेच्या तोंडी. त्यात त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी हाती लागले नाहीत. चौदा वर्षं अर्ज करून बघितल्यावर माणूस काय करतो ते हे.

---

कृष्णाकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

धागा वर काढतोय. आमच्याकडे गाळप सुरू झालं. काल आमच्या फडात टोळी उतरली, पाटोद्याकडची, अकरा कोयते. आष्टीकरांचा प्रतिसाद डोक्यात होता म्हणून टोळीच्या मुकादमाकडे करारनाम्याची नक्कल मागितली. आधी टाळलं, मग चहा झाल्यावर पिशवीतून काढून दिली. मागे टोळीची यादी जोडलेली. अकरा नावं, पुढे अंगठे आणि काही सह्या.

फडात माणसं मोजली. बावीस.

यादी परत पाहिली. अकराही नावं पुरुषांची. मुकादमाला विचारलं, बायकांची नावं? तो म्हणाला, "आहेत की. कोयता अकरा लिहिलंय न्हवं."

---

आष्टी_ते_आष्टा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४८

आईचं नाव पहिल्यांदा कागदावर मी बँकेत लागल्यावर आलं. माझ्या खात्याला नॉमिनी म्हणून. फॉर्म भरताना तिने विचारलं, माझं नाव कशाला, तुझ्या बापाचं लिही.

---

खोडवा | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

@कृष्णाकाठ, यादी कारखान्याच्या शेती खात्यात पण असणार. पुढच्या सभेला विषय द्यायचा तर आठ दिवस आधी लेखी द्यावा लागतो, पोटनियम बघून घ्या. अनुमोदक म्हणून माझं नाव टाका. माइकचं तेवढं तुम्ही बघा.